मान्सून आला म्हणे. वाफसा आला का?

जून जवळ आला की पुण्यातल्या आयटी ऑफिसांत दोन प्रकारची माणसं ओळखू येतात. पहिली भजी, ताम्हिणी आणि लोणावळावाली. दुसरी बारामती, इंदापूर, दौंड, फलटणकडची. यांना मीटिंग चालू असताना घरून फोन येतो आणि पलीकडून एकच प्रश्न असतो, "तुझ्या मोबाईलवर काय दावतंय रं पावसाचं?" मी दुसऱ्या गटातला. नोकरी हिंजवडीत, शेत इंदापूर तालुक्यात, आणि शेत बघतात आमचे चुलते, तात्या.

तर मंडळी, या शनिवारी जरा भांडायचं आहे. कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी. "शेतकरी फार घाई करतात यार. हवामान खातं सांगतंय ना थांबा, मग थांबायला काय जातं?"

हे वाक्य दर जूनमध्ये कँटीनमध्ये ऐकू येतं. टीव्हीवरच्या चर्चेत ऐकू येतं. आणि वाईट म्हणजे, ज्यांच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव आहे अशी आमच्या पिढीतली पोरंही ते बिनधास्त बोलतात. आता गंमत बघा, यातला सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पेरणीची घाई करू नये हे खरंच आहे. चूक आहे ती पुढच्या तीन शब्दांत. "काय जातं?" अरे, बरंच काही जातं. थांबण्याचे पैसे पडतात, घाईचेही पडतात, आणि दोन्ही बिलं एकाच माणसाच्या नावावर फाटतात. ती कशी, ते सांगतो.

२०२५ चा मे महिना आठवा. २४ मेला मान्सून केरळात आला, २००९ नंतरचं सगळ्यात लवकर आगमन. २५ तारखेला तो महाराष्ट्रात होता आणि २६ ला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदी ठेवायला लागल्यापासून कधी आलाच नव्हता. त्याच दिवसांत बारामती-इंदापूरकडे असा पाऊस झाला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, रानं तळी झाली, घरांत पाणी शिरलं. ज्या भागात वर्षाचा पाऊस जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, तिथे मे महिन्यात पूर! सगळ्या चॅनेलवर एकच मथळा, मान्सून दाखल. आणि मग? महिनाअखेरीला स्वारी जी थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. कृषी खातं घसा फोडून सांगत होतं की पेरणीची घाई करू नका. बरोबरच सांगत होतं.

पण "मान्सून दाखल" या शब्दांचा अर्थ काय, हे कधी बघितलंय का? केरळातलं आगमन जाहीर करायला हवामान खात्याची एक व्याख्या आहे. ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस, शिवाय वाऱ्याच्या आणि ढगांच्या काही अटी. अडीच मिलिमीटर! आणि सोयाबीन पेरायला किती लागतो? कृषी खात्याचा आणि विद्यापीठांचा आकडा आहे ७५ ते १०० मिलिमीटर. व्याख्या चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ती मान्सूनच्या प्रवाहासाठी आहे, आमच्या रानासाठी नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन उत्तरं आहेत. आपण मात्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो.

दुसऱ्या प्रश्नाला मराठीत एक सुंदर शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी निचरून जातं, खाली ओल टिकून राहते, मातीच्या कणांमधून हवाही खेळायला लागते, आणि तिफण किंवा ट्रॅक्टर घातला तर माती चिकटत नाही. ही स्थिती म्हणजे वाफसा. मूठभर माती घेऊन दाबली की जुन्या माणसाला कळतं. चिखल झाला तर अजून थांबा, मुठीत लाडूच वळला नाही तर ओल कमी. पाऊस आकाशातून येतो, वाफसा मातीत येतो. बातम्या सगळ्या आकाशाच्या असतात.

"एवढं काय त्यात, बाजरी नाही का पेरत लोक मृगात?" असं कुणी विचारेल. पेरतात. पण बाजरी ही इथली पिढ्यान् पिढ्यांची. सोयाबीन हे आपल्याकडे त्या मानाने कालचं पोर. महाराष्ट्रभर पसरलेलं जेएस ३३५ हे जबलपूरच्या विद्यापीठाचं वाण १९९४ चं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचं. मृग, आर्द्रा, हत्ती, बेडूक हे सगळं पंचांग ज्या पिकांवर घडलं त्यात सोयाबीन नव्हतंच.

आणि हे बी भलतंच नाजूक. साल पातळ, आतला अंकुर सालीला लागून. पोतं जोरात आपटलं तरी उगवण कमी होते. उगवायला त्याला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी शोषावं लागतं. मक्याला त्याहून बरंच कमी पुरतं. अर्धवट ओलीत पडलं तर बी फुगतं, अंकुर हलतो, आणि वरची ओल उडाली की जागच्या जागी मरतं. ते परत सुकून पुन्हा उगवायला तयार होत नाही. खोल पडलं तरी पंचाईत, कारण सोयाबीनचा कोंब आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन माती फोडत वर येतो. म्हणून ३ ते ५ सेंटिमीटर, त्याहून खोल नाही. वर जोराचा पाऊस पडून काळ्या रानावर पापडी धरली तर बिचारा खालीच मान मोडून बसतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर पेरणी म्हणजे थेट प्रॉडक्शनवर टाकलेला रिलीज. टेस्टिंगचं सर्व्हर नाही, रोलबॅक नाही, आणि वर्षातून एकच विंडो. आपण शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायला घाबरतो, आणि ज्याच्याकडे हे काहीच नाही त्याला म्हणतो, काय घाई करतोस!

आता आकड्यांकडे येऊ. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ७५ मिलिमीटर म्हणजे ३ लाख लिटर, १० हजारी टँकर धरले तर ३० टँकर, एकेका एकराला. कोकणात हा एका सकाळचा पाऊस आहे. बारामती-इंदापुरात तो वर्षाच्या पावसाचा सहावा हिस्सा. १०० मिलिमीटर धरले तर पाचवा हिस्सा! म्हणजे पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याला आपण सांगतोय की बाबा, वर्षाच्या पावसाचा पाचवा-सहावा भाग पडून जाऊ दे, मग पेर. कृषीशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, बी जगायचं तर तेवढी ओल हवीच. पण "थांबायला काय जातं" म्हणणाऱ्याने हा हिशोब कधी केलेला नसतो.

कॅलेंडरही बघा. सोयाबीन साधारण १०० दिवसांचं पीक. २५ जूनला पेरलं तर ३ ऑक्टोबरच्या आसपास काढणीला येतं. १५ जुलैला पेरलं तर २३ ऑक्टोबर. वीस दिवसांनी काय बिघडतं? आमच्याकडे बागायती पट्ट्यात, म्हणजे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात, सोयाबीन निघालं की त्याच रानात पूर्वहंगामी ऊस लावायचा असतो. त्या लागणीची मुदत १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. काढणी, मळणी, नांगरट, सरी पाडणं यात दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणजे सोयाबीन उशिरा पेरलं की उसाची लागण मुदतीच्या टोकाला जाऊन टेकते. कारखान्याची ऊसतोड ठरते लागणीच्या नोंदीवर, त्यामुळे लागण मागे पडली की तोडही मागे. जूनमधला वीस दिवसांचा उशीर पुढच्या वर्षीच्या पैशांपर्यंत पोचतो. जिथे ऊस नाही तिथे हरभरा किंवा ज्वारी मागे रांगेत उभी असते.

शिवाय सोयाबीन स्वतःच उशीर सहन करत नाही. दिवस लहान व्हायला लागले की ते फुलावर येतं, मग झाड गुडघ्याएवढं वाढलेलं असो की वीतभर. उशिरा पेरलेल्याला वाढायला वेळ कमी मिळतो, झाड बुटकं राहतं, शेंगा कमी लागतात. म्हणून शिफारशीचा काळच मुळी मर्यादित आहे, जूनचा मध्य ते जुलैचा मध्य. आणि फार लवकर पेरलं तर? तर ते सप्टेंबरमध्ये पिकतं आणि परतीच्या पावसात शेंगेतच कोंब फुटतात. दोन्हीकडून कात्री.

तेव्हा "घाई" हा शब्द जरा जपून वापरा. तात्यांना चारही बाजूंचा हिशोब डोक्यात ठेवून एक दिवस निवडायचा असतो. ट्रॅक्टरवाला गावात एकच आणि वाफसा सगळ्यांना एकाच दिवशी आलेला. "आज घालतो, नायतर आठ दिवसांनी बघू," असं तो म्हणतो. आठ दिवसांनी ओल असेल याची गॅरंटी कोण देतंय?

बरं, तालुका एक असला तरी सगळ्यांची गोष्ट एक नाही. नीरा डाव्या कालव्यावर ज्याचं रान आहे तो वेळप्रसंगी आधी पाणी देऊन, वाफसा आणून पेरू शकतो. पाऊस लांबला तर तुषार सिंचनाचे दोन फेरे मारून उगवण वाचवू शकतो. सुपे, मोरगाव, लोणी भापकरच्या जिरायती पट्ट्यात, किंवा इंदापूरच्या ज्या गावांनी लाकडी-निंबोडी योजनेच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली तिथे, हा पर्याय नसतो. त्यांच्यासाठी पेरणीची तारीख म्हणजे सरळ जुगार. तरीही "बारामती म्हटलं की सगळं हिरवंगार" हे आपलं पुणेरी ज्ञान! २०२३ साली मान्सून मुंबईत पोचायला २५ जून उजाडला, ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऑक्टोबरअखेर राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. तिथे ज्यांनी शहाण्यासारखं थांबून जुलैत पेरलं, त्यांचं पीक ऐन फुलोऱ्यात कोरड्या ऑगस्टमध्ये सापडलं. शहाणपणाचं बक्षीस!

मग दोष हवामान खात्याचा का? २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली होती. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरलं आणि पावसाने दडी मारली, असं त्यांचं म्हणणं. शहरात लोक हसले त्या बातमीला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तक्रार कायद्यात बसेल न बसेल, पण तिच्यातला प्रश्न रास्त आहे. अंदाज चुकला तर अंदाज देणाऱ्याचा पगार चालू राहतो, टीआरपी चालू राहतो, स्क्रीनशॉट फॉरवर्ड करणाऱ्याचं तर काहीच जात नाही. दुसऱ्यांदा पिशवी कोण विकत घेतो?

तरी मी हवामान खात्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करीन. पाच दिवसांचा अंदाज आता खूपच सुधारलाय, आणि दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कलही ते देतात. अडचण शेवटच्या मैलाची आहे. जिल्ह्याचा अंदाज रानापर्यंत कसा न्यायचा? त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी-हवामान केंद्रं होती, देशभरात १९९. स्थानिक पिकं, माती आणि अंदाज यांची सांगड घालून ती सल्ला द्यायची. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्यात आली. "शेतकरी सल्ला ऐकत नाहीत" असं म्हणायचं आणि सल्ला देणारा माणूसच काढून टाकायचा, याला काय म्हणावं?

आता विम्याचं. "विमा आहे की!" हेही कँटीनमधलं लाडकं वाक्य. २०२३ साली राज्यात एक रुपयात पीकविमा आला. त्यात पेरणीच न होणं, हंगामाच्या मध्यातली आपत्ती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान अशा जोखमी होत्या. २०२५ च्या खरिपात एक रुपयाही गेला आणि या जोखमीही गेल्या. भरपाई उरली फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. आता विचार करा. माझं पहिलं बी मेलं, मी कर्ज काढून दुबार पेरणी केली, ऑक्टोबरमध्ये कसंबसं सरासरी पीक आलं. कागदावर माझं नुकसान किती? शून्य! दोनदा बियाणं, दोनदा ट्रॅक्टर, दोनदा मजुरी, आणि नुकसान शून्य. दुबार पेरणी नावाचा खर्च या हिशोबाच्या एक्सेलमध्ये कॉलमच नाही.

बियाण्याचं भांडण वेगळंच. २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा ढीग पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पडलेल्या अवकाळी पावसाने बियाण्याचं पीक भिजलं होतं, हे त्याचं एक मोठं कारण. पण बी उगवलं नाही की वाद ठरलेला. कंपनी म्हणणार ओल नव्हती, शेतकरी म्हणणार बी खराब होतं. आणि शेतकऱ्याकडे पुरावा नाही. त्याच्या रानात त्या दिवशी किती पाऊस झाला होता याची नोंदच नाही. मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र, त्या मंडळात कितीतरी गावं. ओढ्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे धूळ, हे आमच्याकडे नेहमीचं. लॉग नसताना बग सिद्ध करून दाखवा बघू!

हे सगळं कुठल्या तालुक्यात चाललंय तेही लक्षात घ्या. बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डला घेऊन उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प केला. मातीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रं, हवामानाची माहिती, सगळं एकत्र. २०२५ च्या सुरुवातीला खुद्द सत्या नाडेलांनी त्याचं कौतुक केलं, तेव्हा आपल्या प्रत्येक ऑफिस ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला होता. मला त्याचा अभिमानच आहे. पण उसाला कालव्याचं पाणी आहे. जमिनीत ओल किती आहे हा जीवनमरणाचा प्रश्न जूनमधल्या सोयाबीनवाल्याचा आहे, आणि त्याच्याकडे अजून मूठभर माती दाबून बघणं एवढंच तंत्रज्ञान आहे. माळेगाव खुर्दला अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, होळला पुण्याच्या आघारकर संस्थेचं सोयाबीनच्या प्रयोगांचं शेत आहे. ज्ञान हाकेच्या अंतरावर आहे. वाफशाचा आकडा तेवढा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. गावागणिक पर्जन्यमापक. केंद्राच्या विंड्स योजनेत ग्रामपंचायत पातळीवर तो बसवायचं लिहिलेलंच आहे, तेव्हा मी काही चंद्र मागत नाही. त्याचे आकडे रोज चावडीवर फळ्यावर लिहा. आणि ज्याने शिफारशीइतका पाऊस झाल्यावर, तपासलेलं बी पेरलं आणि तरी पुढच्या दहा-पंधरा दिवसांच्या खंडात ते गेलं, त्याच्या दुबार पेरणीचा खर्च विम्यात धरा. शिस्त पाळणाऱ्याला संरक्षण द्या, मग बघा लोक थांबतात की नाही.

सरकार करील तेव्हा करील. पण आपण, ज्यांचं गावाकडे रान आहे आणि पगार दर महिन्याच्या शेवटी जमा होतो, त्यांना आजही काही करता येईल. घरी ढगाचं चित्र असलेला स्क्रीनशॉट पाठवणं बंद करा. "पाऊस आहे" असं सांगू नका. कोणत्या दिवशी किती मिलिमीटर आणि त्यानंतर किती दिवसांची उघडीप, हे सांगा. एक साधा पर्जन्यमापक विकत घेऊन रानात खांबावर लावा, महागडं प्रकरण नाही ते. मे महिन्यात घरच्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने कोंब मोजा. ७० च्या वर आले तर एकरी ३० किलो पुरे, कमी आले तर त्या प्रमाणात बी वाढवा.

आणि शेवटचं, जरा झोंबणारं. थांबा असं सांगायचं असेल तर थांबण्याच्या खर्चात वाटा उचला. पेरा असं सांगायचं असेल तर दुसऱ्या पिशवीचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. एका वीकएंडला आपण बाहेर खाण्यात जेवढे उडवतो त्यात एका एकराच्या बियाण्याला चांगला हातभार लागतो. ते जमत नसेल तर निदान "शेतकरी घाई करतात" हे वाक्य तरी गिळून टाका. जोखीम त्याची, रान त्याचं, तर तारीखही त्यालाच ठरवू दे.